तीच वर्षं

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मी फोनवर सांगितलं की, मी आता मुलगा आहे. फोन ठेवताना बाबा म्हणाले, "ही सगळी आजकालची खुळं." त्याआधी आई रडत म्हणाली होती, "आमची मुलगी गेली." तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

बाबा, शिखंडी मला तुम्हीच सांगितलात, पण भीष्मांच्या शरशय्येपुरता. त्याची सगळी कथा उद्योगपर्वात आहे. भांडारकर संस्थेने जुनी हस्तलिखितं ताडून काढलेल्या चिकित्सक आवृत्तीतही आहे. द्रुपदाला मुलगी झाली, मुलगा म्हणून वाढवली, द्रोणांकडे धनुर्विद्या शिकली. दशार्णच्या राजकन्येशी लग्न झालं, बिंग फुटलं, सासरा चाल करून येणार असं कळलं. आपल्यापायी आईवडील संकटात आले म्हणून शिखंडी जीव द्यायला रानात गेला. ते रान मला माहीत आहे. तिथे स्थूणाकर्ण यक्षाने त्याला आपलं पुरुषत्व दिलं. परत येऊन त्याने वडिलांना सगळं सांगितलं आणि द्रुपदाला फार आनंद झाला. तेवढा भाग मी कितीदा वाचला असेन!

ही कथा झाली. पण रोमन लेखक प्लिनी इ.स. ७७ च्या सुमाराला लिहितो की, ग्रीसमधल्या आर्गोस शहरात अरेस्कॉन नावाचा पुरुष मुसियानस या रोमन सेनानीने स्वतः पाहिला होता. आधीचं नाव अरेस्कूसा, नवराही केलेला. पुढे दाढी आली आणि त्याने बायको केली.

आई, तुझ्यासाठी मात्र विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमांच्या ग्रंथातली गोष्ट. एका भिक्षुणीच्या अंगी पुरुषाची लक्षणं प्रकटली. बुद्धांनी सांगितलं: उपाध्याय (दीक्षागुरू) तोच, उपसंपदा (संघाची पूर्ण दीक्षा) तीच, वर्षंही तीच, आता भिक्षूंमध्ये राहू दे. संघात मान दीक्षेनंतरच्या वर्षांवर ठरतो, कोणी कोणाला वंदन करायचं तेही. त्यातलं एकही वर्ष पुसलं गेलं नाही. फक्त भिक्षुणींपुरते असलेले दोष तेवढे गळून पडले. तिचं शरीर आपोआप पालटलं, माझं डॉक्टरांच्या मदतीने, हा फरक मी लपवत नाही.

पण आजीच्या उशाशी जागवलेल्या रात्री, तू घातलेल्या दोन वेण्या, बाबांच्या सायकलचा दांडा, ती वर्षं माझीच आहेत. भिंतीवरचा फोटो उतरवू नकोस.

दिवाळीला येतोय. दारात "आलास?" म्हणून विचार.

तुमचा मुलगा