दाढ मी अजून का काढलेली नाही

नौपाडा, ठाणे

प्रिय सुधाकर यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘एवढी छळणारी दाढ ठेवलीस कशाला, उपटून टाक आणि मोकळा हो,’ असे तू लिहिलेस. आमच्या घरीही सर्वांचे हेच मत आहे. मी त्याला अजून का तयार नाही, ते जरा सविस्तर लिहितो.

रूट कॅनलनंतर काही दिवस चावताना दुखणे स्वाभाविकच असते, कारण दाताच्या आतली नस काढली तरी मुळाभोवतीचे पातळ आवरण आणि हाड जिवंत असते. माझे दुखणे मात्र कॅप बसून कित्येक महिने लोटले तरी थांबलेले नाही. वरच्या डाव्या दाढेपाशी सुरू होणारी आग नाकपुडीच्या कडेपर्यंत आणि डोळ्याखालच्या हाडापर्यंत पसरते. दिवसभर ठुसठुस चालू असते, पण एकदा झोप लागली की तिने मला कधी उठवलेले नाही.

रूट कॅनल करणारे दंतवैद्य दर खेपेला नवी अँटिबायोटिक लिहून देत होते, याचा मला अजूनही राग येतो. सूज नाही, पू नाही, ताप नाही, मग ती कशासाठी? शेवटी नेरूळच्या एका मुखरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. झोपेचे मी सहज बोलून गेलो, तर त्यांनी नेमके तेच कागदावर टिपून घेतले, कारण किडलेल्या दाताची कळ पुष्कळदा झोपेतूनही उठवते. आरशाच्या दांड्याने त्यांनी एकेक दात ठोकून पाहिला, निळा कागद चावायला देऊन कॅप उंच राहिलेली नाही ना ते तपासले, आणि गालाचे स्नायूही दाबून पाहिले, कारण स्नायूंचे दुखणे कित्येकदा दाढेत जाणवते. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात पुष्कळदा आणखी एक बारीक नलिका असते आणि साध्या एक्स-रेत ती लपून राहते, म्हणून सीबीसीटी स्कॅन, म्हणजे दाताची त्रिमितीय प्रतिमा देणारा एक्स-रे, काढला. सगळ्या नलिका नीट भरलेल्या निघाल्या आणि मुळांना लागून असलेला सायनसही (गालाच्या हाडातली पोकळी) स्वच्छ होता. मग त्यांनी दाढेभोवती भुलीचे इंजेक्शन दिले. हिरडी इतकी बधिर झाली की टोचलेले कळेना, आणि आग मात्र होती तशीच राहिली! मूळ दाढेतच असते, तर तेवढा वेळ तरी ती शमायला हवी होती.

त्यांच्या मते हे दुखणे मज्जातंतूचे आहे. चेहऱ्याच्या संवेदना ट्रायजेमिनल नर्व्ह मेंदूकडे नेते; तिची मधली शाखा वरचे दात, गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ सांभाळते. नस काढताना तिचाच एक धागा तुटतो. बहुतेकांचा तो निमूट बरा होतो, काहींचा मात्र कारण संपल्यावरही संदेश पाठवत राहतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यानुसार रूट कॅनलनंतर सहा महिन्यांनीही दुखणे उरणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे पाच होते, आणि त्यांतल्या अनेकांचे कारण दातात नव्हतेच. अशा वेळी दात काढणे म्हणजे त्याच तंतूला दुसरी जखम करणे. दुखणे रिकाम्या जागेत किंवा शेजारच्या दातात मुक्काम हलवते आणि मग लोक तोही काढून घेतात.

तू पत्रात लिहिलेले तुझ्या आत्यांचे दुखणे मात्र वेगळे आहे. विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ, तीही तोंड धुताना किंवा वारा लागताच, हे ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे त्याच नर्व्हमधून अचानक उठणाऱ्या कळेच्या विकाराचे, लक्षण आहे. त्यावर कार्बामाझेपिन नावाचे औषध देतात, तंतूवर रक्तवाहिनीचा दाब नाही ना हे पाहायला एमआरआय करतात. मला रात्री अमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्रा दिली आहे. ते मूळचे नैराश्यावरचे औषध असल्यामुळे औषधाच्या दुकानातल्या मुलाने माझ्याकडे जरा रोखून पाहिले. सकाळी तोंड कोरडे पडते, जे दातांना वाईटच, म्हणून सारखे पाणी पितो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मला आग थोडी मंदावल्यासारखी वाटते, त्याहून अधिक आज म्हणवत नाही. आईच्या लवंगेच्या तेलाने मात्र काडीचाही फरक पडला नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. मुळाच्या टोकाशी काळी सावली, म्हणजे तिथे संसर्ग असल्याची खूण, दिसली, तर दाढ पुन्हा उघडण्याचा आणि गरज पडल्यास काढण्याचाही विचार करू. तोवर ती जागेवरच राहील. आत्यांना नमस्कार सांग आणि त्यांचा एमआरआय झाला का, ते कळव.

तुझा,
विनायक