कळसूबाईचा ट्रेक नेमका कितीला?

संपादक महोदय,

पावसाळा लागला की मोबाईलवर कळसूबाई नाईट ट्रेकच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडतो, कोणी 799 म्हणतं कोणी 1500, आणि बसने जाणार की कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप ते मात्र बुकिंग झाल्यावर कळतं. मागच्या वर्षी आम्ही तिघींनी सगळ्यात स्वस्तवाल्याकडे पैसे भरले. बारी गावात पोचल्यावर जीपचे वेगळे, जेवणाचे वेगळे, असं करत करत महागवाल्याच्या वर गेलो की हो! वर पन्नासेक लोकांमागे लीडर दोन, त्यातला एक तर आमच्यासारखाच पहिल्यांदा आलेला. शेवटच्या लोखंडी शिडीवर धुक्यात एवढी गर्दी की वरच्याच्या बुटातला चिखल खालच्याच्या डोक्यावर, आणि कोण चढतंय कोण उतरतंय बघायला कोणी नाही. 1646 मीटर म्हणजे काही गंमत नाही, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते.

यंदा आधी फोन करून विचारलं, किती जणांमागे एक लीडर, प्रथमोपचाराची पेटी आहे का, ट्रेक रद्द झाला तर पैसे परत किती. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केलीय का हेही विचारलं तर दोघांनी फोनच ठेवला. शेवटी गावातलाच एक दादा वाटाड्या म्हणून ठरवला, पैसे आधीच बोलून घेतले, आणि त्याच्या घरचं पिठलं-भाकरी तर काय सांगू.

जाहिरातीत रेटसोबत नोंदणी क्रमांक आणि काय काय धरलंय ते छापायची सक्ती करायला पर्यटन खात्याला काय हरकत आहे?

– एक ट्रेकर, डोंबिवली