रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. त्या रात्री कान-नाक-घसा विभागात ड्युटीवर होतात, एवढ्यावरून तुम्हाला कळेल.

मुलगा 19 वर्षांचा. आठवडाभर कोरडा खोकला होता. संध्याकाळी म्हणाला, "आई, गळा बघ." गळा सुजून आला होता, छातीत दुखत होतं, आवाज नाकातून आल्यासारखा. आधी जिथे नेलं तिथे लांबूनच बघून ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं. रात्रीपर्यंत सूज कानाखाली पोचली.

तुम्ही आधी हात लावलात. बोटं गळ्यावरून हळूच फिरवलीत, मग माझा हात धरून तिथे ठेवलात. कुरमुऱ्याच्या पिशवीवर बोट दाबावं तसं कातडीखाली चुरचुरलं. "ताई, ही सूज नाही, हवा आहे," तुम्ही म्हणालात. गळ्याला जखम नाही, दाताचं काही केलेलं नाही, मग हवा आली कुठून, मी विचारलं. "ते अजून माहीत नाही. पण अन्ननलिका किंवा श्वासनलिका फाटलेली नाही ना, हे आधी बघू." मॅडम, "माहीत नाही" इतकं सरळ सांगितलंत, म्हणूनच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

खाणंपिणं बंद ठेवलंत. एक्स-रे, मग डाय (गळती असली तर फोटोत दिसावी म्हणून द्यायचं औषध) पाजून सीटी स्कॅन. हवा छातीच्या मधल्या भागातही होती, पण दोन्ही नळ्या शाबूत, फुप्फुसही बसलेलं नव्हतं. मी वेड्यासारखी म्हणत होते, सुई टोचून हवा काढा. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि समजावलंत. खोकल्याच्या जोराने फुप्फुसातला बारीकसा फुगा फुटतो, हवा श्वासनलिकांच्या कडेकडेने छातीतून वर गळ्यात येते. आत नवी हवा यायची थांबली की आहे ती अंगातच जिरते. ऑक्सिजन लावला की लवकर जिरते.

बॉलपेनने सुजेच्या कडेने रेघ ओढलीत. दर तासाला येऊन बघत होतात. सकाळी सूज रेघेच्या आतच होती. तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

जाता जाता तुम्ही त्याला विचारलंत, "खोकला दाबून धरायचास का?" त्याने मान हलवली. अभ्यासिकेत सगळे शांत बसलेले, म्हणून तो तोंड घट्ट मिटून ढास आतल्या आत जिरवायचा. आई असून मला हे माहीत नव्हतं. तेच कारण असेल असं तुम्ही ठामपणे म्हणाला नाहीत, असू शकतं म्हणालात.

खोकल्याचं औषध, आराम. पाचव्या दिवशी गळा मूळचा दिसायला लागला. वजन उचलणं, फुगे फुगवणं, विमान, सगळं काही आठवडे बंद ठेवायला सांगितलंत, ते त्याने पाळलं.

आता तो पुन्हा अभ्यासिकेत जातो. दाराजवळची जागा धरतो आणि ढास लागली की उठून बाहेर येतो.

तुमची,
त्याची आई