आबासाहेबांच्या तालुक्यातून जलसंपदा मंत्र्यांना पत्र

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

आमचे आबासाहेब, म्हणजे सांगोल्याचे माजी आमदार भाई गणपतराव देशमुख, 30 जुलै 2021 रोजी गेले. त्यानंतर सगळ्याच पक्षांचे नेते त्यांच्याविषयी भरभरून बोलले. साधी राहणी, एसटीचा प्रवास, शेवटपर्यंत एकच पक्ष. सगळं खरं आहे. पण आम्हा सांगोलेकरांना काळजी वाटते ती ही, की साधेपणाचं कौतुक करता करता आबासाहेब आयुष्यभर ज्यासाठी भांडले तेच मागे पडेल. ते पाण्यासाठी भांडले, म्हणून हे पत्र आपल्याला.

1962 साली शेतकरी कामगार पक्षाकडून ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला अवघ्या 192 मतांनी पडले आणि 1999 ला पुन्हा निवडून आले. 2014 ला ते अकराव्यांदा निवडून आले, तेही त्याच सांगोल्यातून. दोनदा मंत्री झाले, तरी बहुतेक काळ विरोधी बाकावरच बसले. सत्ता नसताना दुष्काळी तालुक्याची कामं करून घ्यायची म्हणजे अर्थसंकल्पातली तरतूद न् तरतूद वाचून, सभागृहात पुन्हा पुन्हा उभं राहावं लागतं. ते उभे राहिले.

1993 पासून आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने त्यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांचा आवाज उठवला. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणा, ही मागणी तेव्हा अनेकांना अशक्य वाटायची. आज टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येतं. आमच्या शिवारात डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. पण आटपाडीची मागणी नुसती पाणी आणा एवढीच नव्हती, ते सगळ्यांना सारखं वाटा, अशीही होती. डावा विचार म्हणतात तो आमच्यासाठी हाच.

साहेब, हे वाटपच अजून नीट झालेलं नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्याचं कळतं, पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावापर्यंत पाणी कधी पोचेल हे कुणी सांगू शकत नाही. वरच्या बाजूला शेततळी भरतात आणि खालच्या चारीत (कालव्याच्या लहान फाट्यात) ओल येते न येते तोच पंप बंद होतात. डाळिंबाचा बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण कधी द्यायचा आणि पाणी देऊन तो ताण तोडायचा कधी, हे पाण्याच्या तारखेवर ठरतं. तारीखच नसेल तर शेतकऱ्याने टँकर विकत घ्यायचा, नाहीतर फुलगळ बघत बसायचं.

उपसा योजनांच्या वीजबिलाचा 81 टक्के भार शासन उचलतं, शेतकऱ्याकडे 19 टक्के येतो. हा निर्णय चांगला आहे आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण सार्वजनिक पैशाने उचललेलं पाणी वाटेतच संपत असेल, तर ते थांबवणं हे आपल्याच खात्याचं काम आहे. पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याचा कायदा 2005 पासून आहे. तो टेलच्या गावांपासून लागू करायला सुरुवात करा. आवर्तनाचं वेळापत्रक हंगामाआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्यात प्रत्येक चारीला किती पाणी आणि कोणत्या तारखेला, ते लिहा. पाणी टेलकडून वर वाटत या. बंदिस्त पाईपलाईनची राहिलेली कामंही पुढच्या उन्हाळ्याआधी पूर्ण करा.

येत्या आवर्तनात आपण स्वतः सांगोल्याला या. मुख्य कालव्यावर थांबू नका, शेवटच्या चारीपर्यंत चला. वाट दाखवायला आम्ही येतो.

आपला,
टेलच्या गावातला एक डाळिंब उत्पादक, ता. सांगोला, जि. सोलापूर