ससून डॉकच्या बर्फवाल्या मामांना

प्रिय मामा,

हिमनगांच्या चित्रांपैकी शेवटचं काल रात्री वाळलं. बाराच्या बारा पूर्ण झाली. पहिलं पत्र तुम्हालाच लिहायचं हे जुलैतच ठरलं होतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे तुमच्या बर्फाच्या कारखान्याबाहेर कुणाला ठाऊक नाही.

मेमध्ये मी आले तेव्हा लादीमागून लादी क्रशरमध्ये चालली होती आणि ट्रॉलरवाले घाईला आले होते. मला बर्फ बघत बसायचंय, असं मी म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आता नको, चेंगराल. एक जूनला मासेमारीची बंदी लागली की या, दोन महिने सावकाश बघा." जूनमध्ये आले तर गमबूट आणि बसायला उलटा क्रेट तयार होता.

ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन निसर्गचित्रं काढणाऱ्यांचा मी कितीतरी वर्षं अभ्यास करते आहे. विल्यम हॉजेस, फ्रेडरिक चर्च, एडवर्ड विल्सन. त्यांच्या वाटेनं जाऊन आपण काहीतरी करावं अशी फार इच्छा होती. पण आयुष्य मुंबईच्या काळाचौकीत गेलं; हिमनग राहू दे, बर्फ पडतानासुद्धा मी कधी पाहिलेला नाही. माझे पहिले हिमनग कापसाच्या गठ्ठ्यांसारखे झाले. बघणारे छान म्हणायचे. मला मात्र कळत होतं की त्यात कुठेही पाणी गोठलेलं नाही.

मग ती सकाळ. बाहेर धो धो पाऊस. तुम्ही एक लादी आडवी ठेवायला लावलीत, दिवा मालवलात आणि पाठीमागून बॅटरी धरलीत. कडा काचेसारख्या उजळल्या, मधला गाभा मात्र दुधट राहिला. पाणी डब्याच्या कडेपासून आत गोठत येतं, गोठताना हवा आणि क्षार पुढे ढकलत नेतं, शेवटी सगळं मध्ये कोंडतं. म्हणून तर डब्यात हवा सोडून पाणी हलतं ठेवायचं, हे तुम्ही मला दोनदा समजावलंत. वर म्हणालात, "पांढरं दिसतंय ना, ती हवा आहे ताई. बर्फाला कुठला रंग?"

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. हिमनगाचा बर्फ तर थरावर थर दाबल्या गेलेल्या हिमाचा, त्यामुळे त्यात बारीक बुडबुडे ठासून भरलेले. ते उजेड परत फेकतात म्हणून तो पांढरा दिसतो. जिथे बुडबुडे कमी, तिथे उजेड खोल जातो, त्यातला तांबडा भाग बर्फ गिळतो आणि निळा बाहेर येतो. पुस्तकात हे मी वाचलं होतं, पण हाताला उमगलं तुमच्या बॅटरीपुढे. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद, आणि मी तो फार उधळला होता. त्या दिवसापासून फक्त जिथे हवा, तिथेच कागद कोरा ठेवू लागले.

हॉजेसचं चित्र मी मोबाइलवर दाखवलं ते आठवतं? कप्तान कुकच्या दुसऱ्या सफरीत तो चित्रकार म्हणून गेला होता. १७ जानेवारी १७७३ रोजी त्यांच्या जहाजानं दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं. त्याच महिन्यातलं हे दृश्य: खलाशी होड्यांतून तरंगता बर्फ गोळा करताहेत, वितळवून प्यायला. तुमची सगळी माणसं भोवती जमली. "म्हणजे खाऱ्या पाण्यात गोडा बर्फ! आपल्या टाकीसारखंच की," असं तुम्ही म्हणालात. इतकी वर्षं ते चित्र बघते आहे, पण मिठाच्या पाण्यात उभे असलेले तुमचे डबे आणि तो समुद्र मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. हाच हॉजेस पुढे १७८० मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्यानं काशीचे घाट रंगवले, हेही तुम्हाला तेव्हा सांगायचं राहिलं.

आणि विल्सन. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या स्कॉटच्या मोहिमांतला डॉक्टर. तिथल्या थंडीत उघड्यावर जलरंग गोठायचे, म्हणून तो बाहेर फक्त पेन्सिलनं रेखाटायचा, रंगांची नावं तिथेच लिहून ठेवायचा आणि झोपडीत परतल्यावर रंगवायचा. चष्मा काढून चित्रं काढताना त्याचे डोळे हिमाच्या झगझगाटानं भाजून निघाले होते. १९१२ साली ध्रुवावरून परतताना तो गेला. तुमच्या कारखान्यात माझं नेमकं उलटं झालं. जुलैच्या ओलीत हात फिरवलेला रंग वाळेचना, कागद फुगला. मग मीही पेन्सिल धरली. "कडेला मोरपंखी, आत दूध, तळाशी राखी, वरून शेवाळी झाक." विल्सनची पद्धत मी कितीदा शिकवली होती. ती गरजेतून कशी आली असेल, हे क्रेटवर बसून समजलं.

सहावं चित्र दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग विचारलंत, "माणूस कुठंय? हे घराएवढं की डोंगराएवढं, कळणार कसं?" मामा, चर्चच्या बाबतीतही हेच घडलं होतं. १८६१ मध्ये त्यानं न्यूयॉर्कमध्ये हिमनगांचं प्रचंड चित्र मांडलं. त्यात माणसाची खूणच नव्हती. लंडनला नेण्याआधी त्यानं पुढच्या बाजूला बर्फात अडकलेली एक मोडकी डोलकाठी रंगवली. आज ते चित्र बघणाऱ्याची नजर आधी तिथे जाते, आणि मग मागचा बर्फ अंगावर येतो. मी तुमचं ऐकलं. सहाव्या चित्रात आता उजव्या कोपऱ्यात एक होडी आहे, आणि तिच्यात हातात आकडा घेतलेला एक माणूस. उभं राहायची ढब तुमची आहे, एक पाय पुढे, खांदा किंचित वाकलेला.

आता हंगाम सुरू झाला, तुम्हाला उसंत नसणार. तरी रविवारी पहाटे लिलावाची गर्दी सुरू व्हायच्या आत पाच मिनिटं येऊन जाईन. सहावं चित्र तुमच्यासाठी आहे. वजनकाट्याशेजारच्या भिंतीला ओल येते, म्हणून काचेत बसवून मागे मेणकापड लावलंय. खिळा मी आणते, हातोडी तेवढी तुमची लागेल.

तुमची,
क्रेटवरची ताई