पक्षी बघायचेत तर आधी भरतीची वेळ बघा

संपादक साहेब,

हिवाळ्यात खाडीवर बर्ड वॉचिंगचे वॉक निघतात, छानच आहे, पण वेळ मात्र सरसकट सकाळी ७ ची, मग भरती असो की ओहोटी. अहो, खाडीतले पक्षी घड्याळावर नाही, पाण्यावर चालतात! पूर्ण ओहोटीला सगळे पार लांब चिखलात पांगलेले, दुर्बिणीतून नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की तेच काठाकडे सरकतात, तेव्हा खरी मजा, चिखल्या हा छोटा पक्षी दोन पावलं पळतो, थबकतो, टोच मारतो आणि कर्ल्यू ती वाकडी लांबलचक चोच चिखलात खुपसून खेकडा ओढून काढतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, टाइड टेबल (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) मोबाईलवर मिळतं, बघायला काय जातं?

दुसरं म्हणजे फोटोवाले. भरतीला थवा उंचवट्यावर विसावलेला असतो आणि हे क्लोजअपसाठी थेट त्याच्या अंगावर, उडाला की वर खूश! २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक स्थलांतरी पक्षी अलास्काहून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला १३,५६० किमी न थांबता उडाला, तो साठवलेल्या चरबीच्या जोरावर. आपल्या खाडीतल्या पाहुण्यांना अशी चरबी उगाच उडवून का जाळायला लावायची? आयोजकांनी भरतीच्या दीड-दोन तास आधी वॉक ठेवावा आणि लांब उभं राहायचं हे निघतानाच सांगावं.

– एक वाचक