अडलेला शब्द अडू दिलात, त्याबद्दल

ॲडमिनदादा,

आपल्या काउंटर-स्ट्राइक गेमच्या सर्व्हरवर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि तुम्ही पण मला दोनदा सांगितलंय की तुम्ही-बिम्ही काय लावलंय. पण हे पत्र आहे आणि पत्रात माझ्याकडून 'तू' लिहवत नाही, तेवढं समजून घ्या.

परवाच्या रविवारी ॲडमिन लोकांची आणि आम्हा रेग्युलर पोरांची जी फ्रेंडली झाली, पाच विरुद्ध पाच, मिराज मॅपवर, तिच्याबद्दल लिहायचंय. म्हणजे मॅचबद्दल थोडंच, त्या आधीच्या काही सेकंदांबद्दल जास्त. तुम्हाला ते आठवत पण नसेल कदाचित. मला चार दिवस झाले तरी रात्री झोपताना तेच आठवतंय आणि खरं सांगतो, लिहिताना पण गळा दाटून येतोय.

मी त्या दिवशी खेळायला आलोच नव्हतो. आमच्या टीममधला एकजण ऐनवेळी लग्नाला गेला म्हणून मला स्पेक्टेटमधून, म्हणजे नुसता बघत बसलो होतो तिथून, ओढलं. मी चॅटमध्ये टाईप केलं की माईक नाही वापरत, चालेल का, तर सगळे म्हणले चालतंय की, ये. मग नाईफ राऊंडच्या (बाजू ठरवायचा, नुसत्या सुऱ्यांचा राऊंड) आधी तुम्ही दोन्ही टीमना एकाच व्हॉइस चॅनलमध्ये घेतलंत आणि म्हणालात, एरवी आपण एकमेकांना नुसत्या निकनेमने ओळखतो, आज प्रत्येकाने खरं नाव सांगायचं आणि कुठल्या जागेवर खेळणार ते सांगायचं. मजेमजेत चाललं होतं सगळं. एकेक जण बोलत होता आणि माझा नंबर जवळ येत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी अडखळतो. तोतरा म्हणा, लोक म्हणतातच. माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात अवघड शब्द कुठला असेल तर स्वतःचं नाव, कारण बाकी शब्द बदलता येतात. 'पाणी' अडलं तर 'जरा प्यायला द्या' म्हणता येतं, नाव कसं बदलणार? माझं नाव 'प' वरून सुरू होतं. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात, आवाज मागे तुंबतो, मान एका बाजूला ओढली जाते. समोरच्याला वाटतं नेट गेलं.

तर माझा नंबर आला, माईक ऑन केला, आणि झालं तेच. प. पुढे काहीच नाही. आपल्या गेममध्ये राऊंडच्या सुरुवातीला १५ सेकंदांचा फ्रीज टाईम असतो ना, हलता येत नाही नुसतं बघत राहायचं, अगदी तसं. चॅनलमध्ये नऊ जण. कुणाचा तरी फॅन ऐकू येत होता. मग एकजण (मी त्याच्यावर अजिबात रागावलो नाहीये, त्याच्या मनात मदतच होती) म्हणाला, "प्रशांत? प्रसाद?" आणि तुम्ही, शांत आवाजात, म्हणालात, "थांब रे, तो सांगतोय."

एवढंच. तो सांगतोय. आणि मग तुम्ही थांबलात. "टेन्शन घेऊ नको" म्हणाला नाहीत, "आरामात बोल" म्हणाला नाहीत, "राहू दे, टाईप कर" म्हणाला नाहीत. माझं नाव आलं, तीन तुकड्यांत आलं, पण माझ्या तोंडून आलं. तुम्ही म्हणालात "ओके, कुठे खेळणार?" जसं बाकी सगळ्यांना विचारलं होतं तसंच, त्याच सुरात. मी म्हणालो "ए साईट, जंगल" (बॉम्ब लावायची एक जागा आणि तिच्याजवळचा कोपरा) आणि हे कुठेच न अडखळता आलं. का आलं ते मला माहितीये.

तेवीस वर्षांचा आहे मी. तेवीस वर्षांत माझं वाक्य दुसऱ्यांनीच पूर्ण केलंय. दुकानात, बँकेत, एसटीत कंडक्टरने, मामाने, मित्रांनी पण. आणि दहातल्या सात वेळा चुकीचं पूर्ण केलंय, आणि मी मान हलवून हो म्हणलोय कारण परत पहिल्यापासून सुरू करायची हिंमत नसायची. चुकीच्या गावाचं तिकीट काढून घेतलंय मी असं. मिरजेत एका स्पीच थेरपिस्टकडे जायचो तेव्हा त्या मॅडमनी आईला बसवून सांगितलं होतं, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, घाई करू नका, फक्त ऐकून घ्या. आईला ते जमायला वर्ष लागलं, माउली प्रयत्न करत होती. तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, दादा. मग तुम्हाला कसं कळलं?

शाळेत हजेरी घेताना मला 'हजर' म्हणता यायचं नाही. सर दोनदा नाव घ्यायचे आणि गैरहजर मांडायचे, मी समोर तिसऱ्या बाकावर बसलेलो असायचो. त्यांना दिसायचो मी. एकदा पण मान वर करून बघितलं नाही त्यांनी. त्या सरांना हात वर केलेला चालला असता तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मला अजून पडतो.

आणि गेमिंगमध्ये तर विचारू नका. लहानपणी सांगलीत कॅफेत चुलतभावाबरोबर काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो तेव्हा मला स्वर्ग वाटायचा, कारण तिथे बोलायला रेडिओ होता. सी दाबा, दोन दाबा, "एनिमी स्पॉटेड." सी, तीन, "नीड बॅकअप." गेममधला तो माणूस माझ्यासाठी बोलायचा, खणखणीत, एकदाही न अडकता. मी एवढ्या वेगाने ती बटणं दाबायचो की भाऊ म्हणायचा, तू तोंडापेक्षा बोटांनी छान बोलतोस. मला ते तेव्हा कौतुक वाटलं होतं. मग २०१२ ला आलेला याच गेमचा पुढचा भाग, सीएस:गो, मी बऱ्याच उशिरा खेळायला लागलो, आणि सप्टेंबर २०२३ पासून सीएस २, आणि आता सगळं माईकवर. कोण कुठे दिसला ते एका सेकंदात सांगायचं, दोन सेकंद झाले की ती माहिती शिळी. अडखळणाऱ्याला यापेक्षा अवघड जागा नाही. पिंग, म्हणजे न बोलता खूण, मारता येतो, ते बरंय, पण पिंगला "दोघं आहेत, एकाची हेल्थ कमी आहे, बॉम्ब मागे आहे" हे कुठे सांगता येतं.

आधी एका दुसऱ्या सर्व्हरवर होतो मी, नाव घेत नाही. तिथे एकदाच माईक ऑन केला होता. त्यानंतर महिनाभर मी सर्व्हरवर आलो की कुणीतरी "प-प-प-पॅलेस" (मिराजवरची एक जागा) सुरू करायचं, मग सगळे. मी रेकॉर्डिंग काढून तिथल्या ॲडमिनला पाठवलं. त्याने लिहिलं, "भाई मग माईक बंद ठेव ना, सिंपल." आणि दुसऱ्या दिवशी मलाच म्यूट केलं, म्हणजे वाद नको. चिडवणारे तसेच. चीटर असता तर दहा मिनिटांत बॅन केलं असतं त्याने, वॉलहॅक (भिंतीपलीकडचं दाखवणारी चीट) दिसतो, हे दिसत नाही. तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही, पण त्याच्या हातात बटण होतं आणि त्याने ते चुकीच्या माणसावर दाबलं. तुमच्या हातात पण तेच बटण आहे, तेच अधिकार. म्हणून हे पत्र मी फक्त तुम्हाला न पाठवता सगळ्यांसमोर लिहितोय. सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं.

लोक मला ह्रितिक रोशनचं उदाहरण देतात, तो पण अडखळायचा, बघ कुठे गेला. त्याने हे उघडपणे सांगितलं याबद्दल मला त्याचा आदर आहे, खरंच. पण मला ह्रितिक व्हायचं नव्हतं हो, मला फक्त पॅलेसमध्ये कोण आहे ते सांगायचं होतं.

आता मॅच. पहिल्या तीन-चार राऊंडमध्ये मी नेहमीची चलाखी करत होतो, पॅलेस म्हणायचं नाही, 'वरून येतायत' म्हणायचं. 'व' सोपा जातो मला. आमची पोरं पण हुशार, लगेच समजले. दोन राऊंड तरी माझा कॉल उशिरा आल्यामुळे गेले हे मला माहितीये, त्यांना पण माहीत होतं, कुणी एक शब्द काढला नाही. एकाने फक्त "निस्ट, नेक्स्ट राऊंड" टाईप केलं, 'नाईस ट्राय'चं स्पेलिंग चुकवून. पण मी बघत होतो की हे सगळे तुमच्यासारखं वागतायत. तुम्ही समोरच्या टीममध्ये होता, आमचा आवाज तुम्हाला ऐकू पण येत नव्हता, तरी तुम्ही सुरुवातीला जे केलंत तेच या चौघांनी उचललं होतं, कुणी सांगायला लागलं नाही. चांगुलपणा असा पसरतो हे मी पहिल्यांदा बघितलं. टवाळी पसरताना खूपदा बघितलीये, एकाने नक्कल केली की दहा जण करतात. पण एकजण गप्प थांबला की दहा जण थांबतात, हे कुणी मला आधी दाखवलं नव्हतं. मोठं काही नसतं लागत यासाठी. पैसे नाही, वेळ पण नाही, मोजला तर दहा-बारा सेकंदांचा वेळ होता तो.

चोविसावा राऊंड. तुम्ही १२, आम्ही ११. जिंकलो असतो तर ओव्हरटाईम. तुम्ही ए वर बॉम्ब लावलात, आमचे दोघंच उरले, मी जंगलमध्ये आणि एकजण तिकिट बूथपाशी. ४० सेकंदांचं घड्याळ सुरू, ती टिकटिक. आणि मला पॅलेसच्या खांबाआड रायफलची नळी दिसली, एवढीशी, हलली आणि आत गेली. यावेळी मी 'वरून' म्हणालो नाही. का ते नाही सांगता येणार, पण मला त्या दिवशी तो शब्दच म्हणायचा होता. "प..." ओठ मिटले. तिकिटवाल्या पोराला त्या एका अक्षरावरूनच कळलं होतं, त्याची नेमपट्टी मला दिसत होती, तो पॅलेसकडे वळून थांबला होता. पण "पॅलेस का?" असं त्याने विचारलं नाही. माझं "...पॅलेस, एक" पूर्ण झालं, तो बाहेर पडला, गोळ्या चालल्या, आणि वर कोपऱ्यात तुमचं नाव आलं, मेलेल्यात. तिकिटवाला पोरगा पण त्याच धुमश्चक्रीत दुसऱ्याच्या हातून गेला. त्या दुसऱ्याला मी टिपलं आणि बॉम्ब निकामी करायला बसलो.

बॉम्ब लवकर निकामी करायचा, गेमच्या पैशात ४०० चा किट घेतला नव्हता मी, एम४ आणि आर्मरमध्येच पैसे संपले होते. किट असता तर पाच सेकंद, नसला की दहा. पट्टी जवळजवळ भरत आली होती आणि फुटला. १३-११.

मग परत सगळे एका चॅनलमध्ये आलो आणि तुम्ही पहिलं काय विचारलंत तर, "मला पॅलेसमध्ये बघितलं कुणी?" मी म्हणालो मी, आणि कुणीतरी नाव विचारलं म्हणून परत नाव सांगायला गेलो आणि परत अडलो. तुम्ही परत थांबलात. तेवढ्याच शांतपणे. पहिल्या वेळी थांबणारे मला क्वचित का होईना भेटलेत, दादा. दुसऱ्या वेळी थांबणारं कुणी भेटलं नव्हतं.

माईक बंद करून मागे वळलो तर आई दारात उभी होती, हातात घडी घालायची चादर तशीच धरलेली. किती वेळ उभी होती माहीत नाही. म्हणाली, "कुणाशी बोलत होतास रे एवढं?" मी म्हणालो, खेळतो त्यांच्याशी. ती म्हणाली, "आरतीत म्हणतोस तसा आवाज येत होता." हे तुम्हाला कदाचित कळणार नाही म्हणून सांगतो, गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणताना मी अडखळत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असतं, सगळ्यांच्या सुरात सूर मिळाला की शब्द सुटतात. वर्षातले ते दहा दिवस माझा आवाज कसा आहे ते घरच्यांना कळतं. रविवारी अडखळत होतोच मी, पण आईला आवाज तोच वाटला.

तुम्ही नोकरी करून, घर सांभाळून, खिशातून भाडं भरून हा सर्व्हर चालवता, रात्री दोनला पण कुणीतरी चीटर आला म्हणून उठता, त्याबद्दल बाकीचे आभार मानतीलच. मी त्या थांबण्याबद्दल मानतोय. आणि आमच्या चौघांचे पण, आणि ज्याने प्रशांत-प्रसाद विचारलं त्याचे पण, कारण त्याने नंतर मला मेसेज करून सॉरी म्हणलं आणि मला फार बरं वाटलं.

तुम्ही म्हणालात पुढच्या वेळी कॉलर (टीमला काय करायचं ते सांगणारा) तू हो. मी तेव्हा काही बोललो नव्हतो. होतो मी. रविवारी दहाला येतो, माईक घेऊन, आणि यावेळी किट पण घेतो.

तुमचा,
जंगलवाला